स्लीपर केबिनमध्ये लाकडी फ्लोअरिंग: लॅमिनेट, विनाइल की सागाची फळी?

दहाचाकी
गाडी दहा टायरची, टिल्ट होणारी स्लीपर केबिन. रबर मॅट फाटली आहे, खालचा फेल्ट (जाड नमद्याचा थर) ओला आहे आणि क्लचच्या बाजूला पत्र्यावर गंज धरलाय. घरच्या कामातून ८ मिमीचं क्लिक लॅमिनेट उरलंय, साधारण ३० चौरस फूट. ते बसवलं तर चालेल का? खाली प्लाय टाकावा लागतो का? पावसाळ्यात ओल्या चपलांनीच चढउतार होते आणि उन्हाळ्यात गाडी विदर्भात दिवसभर उन्हात उभी असते.

बॉडीमिस्त्री
दादा, ते लॅमिनेट घरातच वापरा. त्याच्या पोटात दाबलेला लाकडी भुसा असतो. सांध्यातून पाणी आत गेलं की कडा फुगतात आणि सुकल्यावरही पूर्ववत होत नाहीत. शिवाय क्लिकचे सांधे सपाट, स्थिर जमिनीसाठी असतात. खड्ड्यात केबिनचा पत्रा पिळला जातो, मग लॉकची पातळ जीभ तुटते, फटीत रेती बसते आणि पाय ठेवला की कर्रकर्र वाजतं.

पण तुमचा खरा प्रश्न फेल्ट ओला का, हा आहे. तो सुटल्याशिवाय वर काहीही टाकू नका. मॅट आणि फेल्ट पूर्ण काढा, पत्र्यावर कोरडे वर्तमानपत्र अंथरा आणि बाहेरून समोरच्या काचेवर दहा मिनिटं पाइपने पाणी सोडा. कागदावर पहिला ओला डाग जिथे पडेल, तिथून वर माग काढा. बहुतेक वेळा काचेच्या रबराचा खालचा कोपरा, दाराचं रबर किंवा वायरिंग आत येतं तिथला ग्रोमेट (वायरीभोवतीचं रबरी कडं) निघतो. कागद कोरडा राहिला तर एसी अर्धा तास चालवून बघा. ड्रेनची नळी तुंबली असेल तर ते पाणी केबिनमध्येच उतरतं.

नंतर गंज. तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा, आत गेला तर तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. पत्रा शाबूत असेल तर खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं द्रावण), त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात, आणि पत्र्याच्या जोडांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट.

थर खालून वर असे: पत्र्याच्या नाळ्यांमध्ये बंद छिद्रांच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमच्या पट्ट्या, त्यावर ३ मिमी फोम, ९ मिमीचा मरीन प्लाय (आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या), आणि वर २ मिमीचं चिकटवायचं विनाइल. एकूण १४ मिमी. दार बंद करताना उंबऱ्याला घासत नाही ना, ते आधी तुकडा ठेवून तपासा. ८ बाय ४ चा एक प्लाय पुरून उरतो.

प्लाय अखंड टाकू नका, दोन-तीन तुकड्यांत कापा, म्हणजे पुढे एक उचलून खाली बघता येईल. विनाइलचा सांधा प्लायच्या सांध्यावरच आणा. आधी खाकी कागदाचा साचा, मग जिगसॉ. कापलेल्या कडांना पीयू किंवा इपॉक्सीचे दोन हात द्या. प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

सीटचे बोल्ट थेट पत्र्यावरच बसले पाहिजेत. सीटखाली प्लाय दिला तर तो दाबला जातो, बोल्ट सैल होतात, आणि सीट हलते म्हणजे ड्रायव्हरचा जीव धोक्यात. प्लाय सीटच्या पायाभोवती कापून घ्या.

वायरमन
वरच्यात एक भर. प्लाय स्क्रूने बसवायला पत्र्याला भोक पाडण्याआधी केबिन टिल्ट करून खालून बघा: वायरिंग, एअरच्या नळ्या, क्लचची लाइन कुठून जातात ते खडूने वरच्या बाजूला उतरवा. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून भोक किती खोल जाईल ते बांधून घ्या. स्क्रू हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) घासत राहिला तर इन्सुलेशन कापून शॉर्ट होतो, आणि वर प्लाय-फोम म्हणजे जळायला माल. म्हणून विनाइल आणि फोम आयएस १५०६१ ला (वाहनातल्या सामानाच्या ज्वलनशीलतेचं मानक) उतरणाराच घ्या; त्यात जळण्याचा वेग मिनिटाला १०० मिमीच्या आत लागतो.
प्रत्येक भोकात सीलंट भरून स्टेनलेस स्क्रू, आणि खालून टोकाला पुन्हा रंग.

दहाचाकी
पेडलखालीही हेच टाकू का? आणि ४ मिमीचं एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकचं) क्लिक कसं? सागाची खरी फळी लावावी अशीही फार इच्छा आहे.

बॉडीमिस्त्री
पेडलखाली नाही. तिथे मूळसारखी, न फाटलेली रबर मॅटच ठेवा. जमीन १० मिमी वर आली तरी ॲक्सिलरेटर पूर्ण खाली जात नाही, आणि क्लच पूर्ण न सुटल्याने गिअर घासून पडतो. ब्रेकखाली सैल कड अडकली तर काय होईल, हे सांगायला नको. फ्लोअरिंग पेडलच्या निदान एक वीत आधी संपवा, कडेला ॲल्युमिनियमची उतरती पट्टी स्क्रूने.

एसपीसी पाण्याने फुगत नाही, पण लॉक तोच आणि वजन चौरस मीटरला ८ किलोच्या आसपास. घ्यायचंच तर प्लायवर पूर्ण चिकटवून.

साग चालतो, तो फक्त बर्थच्या पुढच्या पट्टीत. १० मिमीच्या अरुंद फळ्या, खालून-वरून दोन्ही बाजूंना पीयू पॉलिश. एकाच बाजूला दिलं तर फळी वाकते. आडव्या दिशेला ३ मिमी जागा सोडा, लाकूड रेषांच्या आडवं फुगतं.

चिकटवायला साधं रबर सोल्यूशन नको. बंद केबिनमध्ये मेच्या उन्हात पारा ६० च्या वर जातो, सोल्यूशन मऊ पडतं आणि कडा उचलतात. दोन भागांचं पीयू ॲडहेसिव्ह घ्या, वर वजन ठेवून २४ तास गाडी हलवू नका.

मालवाहू
देखभालीचं सांगतो. विनाइलवर काळी रबर मॅट कायमची टाकू नका, रबराचा पिवळा डाग उमटतो आणि तो निघत नाही. पीव्हीसीची कॉइल मॅट टाका, रेती तिच्यात अडकते. रोज संध्याकाळी बाहेर झटका. डिझेल सांडलं तर लगेच साबणाच्या फडक्याने पुसा, मुरलं की विनाइल मऊ होतं. केबिनमध्ये पाइपने पाणी मारायचं कायमचं बंद. पहिल्या १५ दिवसांनी स्क्रू तपासा, मग दर मृगाच्या आधी. ऑक्टोबरमध्ये दाराजवळचा तुकडा उचलून फोमखाली हात घाला. ओल लागली तर पुन्हा वर्तमानपत्र अंथरा.