साइटवर वरून सामान पडून राहिलं, उद्यापर्यंत काय करू? (नागपूर)

बेसा_साइट: काल पुन्हा वरून पडलं, खालच्या माणसाच्या खांद्याला लागलं, डोकं थोडक्यात वाचलं. सगळ्यांना हेल्मेट दिलेत तरी हे होऊन राहिलं. ठेकेदार म्हणते काम थांबणार नाही. लवकर सांगा प्लीज.

वर्धारोड: काय पडलं भाऊ? वीट, पाइप, घमेलं? कितवा मजला?

जाळीवाला: सेफ्टी नेट लावा, विषय संपला. आम्ही लावली तेव्हापासून शांत आहे.

सिव्हिल_नागपूर: कसा संपला? माणूस झेलायच्या जाळीतून क्लॅम्प आरामात निघून जातो, तिला बारीक जाळीचं अस्तर पाहिजे. त्याआधी परांचीच्या कडेला सहा इंची उभी फळी ठोका. 20 मीटरवरून सुटलेली वस्तू खाली येईतो ताशी 70 किमीच्या वेगात असते, तिथं हेल्मेटच्या भरोशावर किती राहता.

जाळीवाला: अन् वाऱ्यानं उडालेलं प्लाय फळीनं अडते का? मे महिन्यातलं आपल्याकडचं वादळ पाहिलं नाही वाटते.

मिस्त्री_हिंगणा: 45 डिग्रीत हेल्मेटचा पट्टा कोणी लावत नाही, वाकला की पहिले हेल्मेटच खाली जाते. आयएस 2925 चा शिक्का पाहून घ्या, अन् वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं वापरू नका, तडकते ते.

कार्डवाला: त्या माणसाची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? वर्षात 90 दिवस काम अन् वय 18 ते 60 पाहिजे.

बेसा_साइट: नोंदणीचं मग पाहतो. सातवा मजला आहे, सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा) खोलून राहिले, त्याच्या लोखंडी प्लेटा वरून खाली टाकतात अन् तिथूनच मटेरियल लिफ्टकडं जायचा रस्ता आहे.

वर्धारोड: टाकतात?? मग पडलं काहून म्हणता! हे आधी सांगायचं ना बाप्पा.

सिव्हिल_नागपूर: मग फळी-जाळी मागून, पहिले फेकणं बंद. प्लेटा लिफ्टनं उतरवा, लिफ्टवर लिहिलेल्या वजनाच्या आत. खोलणं चालू असेतो खालची जागा पत्रे लावून बंद करा, एक माणूस फक्त राखणीला ठेवा, लिफ्टचा रस्ता दुसऱ्या बाजूनं काढा. ते जमतच नसेल तर रस्त्यावर मजबूत छत पाहिजे, हिरवं कापड नाही.

जाळीवाला: जाळी तरी लागेलच.

बेसा_साइट: ठेकेदार म्हणते लिफ्टनं लय वेळ जाते.

मिस्त्री_हिंगणा: फेकलेल्या प्लेटा वाकतात, पुढच्या स्लॅबला त्याच बसत नाहीत, भरपाई त्यालाच द्यावी लागते. हे हिशेबानं सांगा, ऐकेल. अन् त्या पोराच्या खांद्याचा एक्स-रे काढला का?

बेसा_साइट: नाही, बाम लावून बसला आहे. आत्ताच मेडिकल हॉस्पिटलला घेऊन जातो.