दोन दिवसांच्या सुट्टीत वाचून होईल असे पुस्तक

प्रश्न: आठवडाभर कामाच्या कागदांखेरीज काहीच वाचून होत नाही, शनिवार-रविवारी निवांत वाचता येईल असे मराठी पुस्तक कृपया सुचवावे.

उत्तर १: व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्यावी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर, तिथली माणसे, मेंढरे आणि अखेरचा दुष्काळ हे सारे इतक्या मोजक्या शब्दांत येते की, शनिवारी दुपारी उघडलेली ही छोटी कादंबरी रविवारी सकाळच्या दुसऱ्या चहापर्यंत संपते.

उत्तर २: मी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ सुचवेन. चालू मराठी महिन्यावरचा तेवढाच लेख वाचावा आणि मग खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहावे. हे सुख मी अनेक वर्षे जपले आहे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. दोन्ही पुस्तके उद्याच वाचनालयातून आणतो.