शंभर सीसीची जोड: जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना कच्च्या ट्रॅकवर वेगळा गट हवाच

मुरमाडवाट (जालना)

गेल्या महिन्यात अंबड रस्त्याच्या बाजूला एका माळावर पोरांनी मोटारसायकलींच्या शर्यती ठेवल्या होत्या. मोठ्या गटात दोनशेच्या पुढच्या नव्या गाड्या. पहिल्या वळणाला जो पुढे निघाला तो शेवटपर्यंत पुढेच राहिला. त्याच्यात आणि मागच्यात अर्ध्या माळाचं अंतर. तिसऱ्या शर्यतीपर्यंत निम्मे लोक चहाच्या गाड्याकडे वळले होते.

सगळ्यात शेवटी, निव्वळ हौस म्हणून, सात जुन्या शंभर सीसीच्या गाड्या सोडल्या. चार यामाहा आरएक्स १००, दोन कावासाकी-बजाज केबी १००, एक इंड-सुझुकी एएक्स १००. फेऱ्या पाच, आणि प्रत्येक फेरीला पुढचा गडी वेगळा. शेवटच्या वळणात तिघं एकमेकांच्या कोपराला कोपर लावून आत शिरले. चहावालासुद्धा गाडा सोडून दोरीपाशी येऊन उभा राहिला.

माझं म्हणणं सरळ आहे. पुढच्या वेळी या गाड्यांचा गट वेगळा करा आणि दिवसाची मुख्य शर्यत तीच ठेवा.

कुस्तीच्या फडात आधी जोड बघतात, मगच हात मिळवायला लावतात. बैलांच्या शर्यतीत दात बघून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात. मोटारसायकलीला हेच का लावायचं नाही? आणि जोड आपल्याकडे आयती आहे. १९८४ ला एएक्स १००, १९८५ ला आरएक्स १००, १९८६ ला केबी १००. तिन्ही टू-स्ट्रोक, तिन्ही जपानी घराण्याच्या.

लहान गाडीची शर्यत चुरशीची का होते, ते नीट सांगतो. आरएक्सची ताकद ११ बीएचपी, तीही ७,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेत असताना. त्याखाली गाडी झोपलेली असते. वळणात आरपीएम पडला की गिअर पाडून तिला पुन्हा जागी करेपर्यंत दोन गाड्या बाजूने निघून जातात. मोठ्या गाडीवाला वळण चुकला तरी पुढच्या सरळ पट्ट्यात मूठ पिळून भरून काढतो. इथे भरून काढायला ताकदच नाही. वेग वळणातच राखायचा, आणि राखायचा तर चाक नेमक्या रेषेवर हवं. म्हणून समोरच्याची हातभराची चूकही मागच्याला दिसते, आणि तो लगेच तिथे चाक घालतो.

पिस्टनरिंग (परभणी)

भाऊ, तुमचा उत्साह कळतो, पण मी याच्या विरोधात आहे. तीस वर्षं गॅरेज चालवतोय.

आरएक्स १०० बनणं १९९६ ला थांबलं. चांगली, इंजिन-चेसीचे नंबर जुळणारी, सिलिंडर मूळ मापाचा असलेली गाडी आता परभणीत शोधून सापडत नाही. जी आहे ती कुणाच्या तरी वडिलांची आठवण आहे. तिचं मडगार्ड काढायचं, सायलेन्सर कापायचा, मुरमावरून उडवायची, आणि चार शर्यतींनी चेसीला तडा गेला की माझ्याकडे वेल्डिंगला आणायची. या महिन्यात अशा दोन आल्या. एकीचा मागच्या चाकाचा चिमटा वाकलेला, दुसरीची चेसी हँडलपाशी तुटलेली. हात लावताना जीव तुटतो.

आणि ही मोटोक्रॉसची, म्हणजे कच्च्या ट्रॅकवर उड्या घेत पळवायची, गाडी नाहीच. होंडाची सीआर १२५ एल्सिनोर १९७३ ला आली, ती मुळात मातीसाठी बनवलेली. तसलं काही त्या काळात आपल्याकडे विकायला आलं नाही. आपल्याकडे आली ती ऑफिसला जायची गाडी. तिचे शॉकअप गतिरोधकासाठी आहेत, उडीसाठी नाहीत.

मुरमाडवाट

काका, गाडी मोडू नये हे शंभर टक्के मान्य. पण “मातीची गाडी नाही म्हणून मातीत नको” हे पटत नाही. या खेळाची पहिली शर्यत मानतात ती १९२४ ची, इंग्लंडात कॅम्बर्लीला. तेव्हा तरी खास मातीची गाडी कुठे होती? रस्त्यावरच्याच गाड्या चढावर घातल्या.

उड्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, पण तो दोष ट्रॅकचा. उंच उड्या मागाहून आल्या. १९७३ ला यामाहाच्या एकाच मागच्या शॉकअपच्या गाडीवर हाकान अँडरसनने अडीचशे सीसीचं जागतिक विजेतेपद घेतलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळ्या कंपन्यांनी चाकांची वर-खाली हालचाल वाढवत नेली. म्हणून अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या शर्यती भरवणारी एएचआरएमए ही संस्था व्हिंटेज गटात नियम लावते: पुढचं चाक सात इंच, मागचं चार इंच, त्यापुढे हालचाल नको. ट्रॅकही त्याच बेताचे. आपणही उडी अजिबात ठेवायची नाही. वळणं, चढ-उतार, एक ओढ्याची घळ. चढाओढ वळणातच होते, हवेत नाही.

अडतीवरचा (लातूर)

जोडीचा मुद्दा चांगला मांडलाय, पण एक मोठी गोष्ट राहिली. गाड्या सारख्या केल्या तरी माणसं सारखी नाहीत. आरएक्स भरून १०३ किलोची. तिच्यावर ४८ किलोचं पोरगं बसलं तर १५१ आणि माझ्यासारखा ८२ चा बसला तर १८५. म्हणजे त्याच ११ बीएचपीला सुमारे २२ टक्के ओझं जास्त. चढाला काय होईल, सांगायला नको. अडीचशेच्या गाडीला हा फरक एवढा जाणवत नाही. म्हणजे लहान इंजिनात ज्याचं वजन कमी त्याचा फायदा जास्त. ही कसली जोड? फडात तर वजनच बघतात आधी.

एकशेपंचवीस (छत्रपती संभाजीनगर)

माझाही विरोध, पण कारण वेगळं. “लहान गाडी म्हणजे चुरस” हे इतिहासाला धरून नाही. १२५ सीसीची जागतिक मोटोक्रॉस स्पर्धा १९७५ ला सुरू झाली. पहिली तीन वर्षं गॅस्टन राहिए जिंकला, सुझुकीवर. मग वातानाबे, एव्हर्ट्स, गेबोर्स, रिनाल्डी. सगळे सुझुकीवर. १९८४ पर्यंत सलग दहा वर्षं एकच कंपनी! अमेरिकेत मार्टी स्मिथने १९७४ आणि १९७५ ला १२५ चं विजेतेपद होंडावर घेतलं. १९७६ ला बॉब हॅना पाण्याने थंड होणारं इंजिन असलेली यामाहा घेऊन उतरला आणि ते राज्य संपलं. लहान इंजिनात थोडीशी सुधारणाही मोठी ठरते. अर्धा बीएचपी पाचशेच्या गाडीत कळणार नाही, शंभराच्या गाडीत तो निकाल आहे.

त्या दिवशी माळावर चुरस झाली कारण कुणी तयारी करून आलं नव्हतं. गट जाहीर करा, मग बघा. कुणी पोर्टिंग करून, म्हणजे सिलिंडरमधल्या वाटा (पोर्ट) घासून आणेल, कुणी बाहेरून एक्स्पान्शन चेंबर (ताकद वाढवणारा फुगीर सायलेन्सर), मोठा कार्बोरेटर मागवेल. दोन वर्षांत ज्याचा खिसा जड तो पुढे, आणि तुमचा चहावाला पुन्हा गाड्यावर.

मुरमाडवाट

दादा, मोठ्या कंपन्या पैसा ओततात आणि दर वर्षी नवी गाडी आणतात तिथे एकजण निसटतोच. जुन्या गाडीची खरी गंमत हीच की तिला पुढचं वर्ष नाही. तिची सुधारणा १९९६ ला थांबली. सिलिंडर, कार्बोरेटर, सायलेन्सर कंपनीचे, हा नियम लावला की तुमचा अर्धा बीएचपी कुठून येणार?

आणि त्याच गटात १९७७ ला काय झालं तेही सांगा ना. अमेरिकेच्या शेवटच्या शर्यतीत, सॅन अँटोनियोला, यामाहाने हॅनाला ट्रॅकच्या कडेने सूचना लिहिलेली फळी दाखवून आपल्याच ब्रॉक ग्लोव्हरला पुढे जाऊ द्यायला सांगितलं. एवढं करूनही ग्लोव्हर आणि सुझुकीचा डॅनी लापोर्ट यांचे गुण सारखेच झाले. अख्ख्या हंगामाचा निकाल शेवटच्या दिवशी काट्यावर! तो गट १२५ चाच होता.

एकशेपंचवीस

त्या उदाहरणात कंपनीनेच फळी धरून निकाल ठरवला. तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. आणि “कंपनीचं सिलिंडर” हे बघणार कोण? पोर्ट घासलेलं बाहेरून दिसत नाही. शर्यत संपल्यावर इंजिनाचं हेड उतरवायला लागेल.

गोदाकाठ (बीड)

तुम्ही सगळे इंजिनावर बोलायलेत, पाण्यावर कुणीच बोलंना. ट्रॅकवर धुरळा बसावा म्हणून त्या दिवशी टँकर फिरवला होता की नाही? मी असल्या दोन शर्यती बघितल्यात, दोन्हीकडं टँकर होता. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी दुष्काळापायी आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला कोर्टानं सांगितलं. आमच्याकडं बायांनी मार्चपासून हंडा घेऊन रांगेत उभं राहायचं आन् तुम्ही माळ भिजवायचा, कामून?

दुसरी गोष्ट. बैलांच्या शर्यतीला कोर्टानं परवानगी दिली ती नियम लावून. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, जनावराची तपासणी लागते. पोरांच्या शर्यतीला मात्र एक दोरी आन् एक भोंगा. माझा भाचा त्याच दोरीपाशी उभा होता. गाडी घसरत आली ती त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. रुग्णवाहिका नव्हतीच. जोड लावायच्या आधी हे लावा.

मुरमाडवाट

ताई, टँकर होता. लपवत नाही. आणि दोरीचं तुम्ही म्हणता तेच खरं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. प्रेक्षक ट्रॅकपासून लांब, मध्ये गवताच्या गंजीची रांग, आणि रुग्णवाहिका आल्याशिवाय झेंडा पडणार नाही, एवढं तरी व्हायलाच हवं.

पाण्याचं असं करता येईल. दिवाळीआधी शर्यत घ्यायची, माळ ओला असतो.

गोदाकाठ

दिवाळीआधी सोयाबीनची काढणी असते. कोण येणार बघायला, आन् कोण गाडी आणणार?

अडतीवरचा

ताईंचं खरं आहे, त्या दिवसांत आमच्या मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबर धरा. सकाळी सातला मुरमावर दहिवर असतं, माती दबलेली असते. पाच फेऱ्यांच्या तीन शर्यती नऊच्या आत उरकतात. सात लहान गाड्या मोठ्यांएवढा धुरळाही उडवत नाहीत. टँकर नको, हा नियम पहिला लिहा, मग माझ्या वजनाचं बघू.

वजनाचं मला सुचतं ते असं: गाडी आणि माणूस मिळून किमान १७५ किलो. कमी भरला त्याने सीटखाली शिसं बांधायचं. मग माझं नुकसान दहा किलोवर येतं, तेवढं मी जेवणातून बघतो. काटा अडतीवरचा देतो, पासिंग झालेला आहे.

एकशेपंचवीस

किमान वजन मान्य. पण हेड उतरवून तपासणी नसेल तर माझा विरोध कायम लिहून ठेवा. पहिल्या तिघांची तरी व्हायलाच पाहिजे, सगळ्यांसमोर.

पिस्टनरिंग

हेड मी उतरवीन. मूळ सिलिंडरचे पोर्ट कसे असतात ते हाताला माहीत आहे, बोट फिरवलं की घासलेलं कळतं. सकाळी चेसीही बघीन, हँडलपाशी बारीक तडा दिसला तर ती गाडी सुरूच करू देणार नाही, मालक कितीही ओरडला तरी.

पण माझ्या दुकानातल्या दोन आरएक्स मागू नका. एक १९८९ ची आहे, टाकीवरचा रंगसुद्धा कंपनीचा. ती मातीत जाणार नाही.

मुरमाडवाट

नाही मागणार, काका. गोदाकाठ ताई, गंजीची रांग कुठे लावायची ते दाखवायला तुम्ही आणि तुमचा भाचा याल का? माळ एकदा सगळ्यांनी मिळून चालून बघू, तारीख त्यानंतर.

गोदाकाठ

भाचा येईल. मी रुग्णवाहिकेची चिठ्ठी बघितल्यावर येईन.