प्रवाळबेटावर १८ विद्यार्थी, ७ दिवस: मुलांकडून नेमकं काय करून घ्यावं?

किनाराशाळा

नमस्कार. मी पदवीच्या वर्गाला प्राणिशास्त्र शिकवते. सागरी जीवशास्त्राचा अभ्यासदौरा यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे आलाय. १८ मुलंमुली, आम्ही दोघी शिक्षिका, उष्ण कटिबंधातलं एक लहानसं प्रवाळबेट आणि येण्याजाण्याचे सोडून सात दिवस. बेटाला उथळ लगून आहे, म्हणजे प्रवाळाच्या भित्तीच्या आतलं शांत पाणी, एका अंगाला खारफुटी आहे आणि लगूनच्या बाहेर ही भित्ती एकदम खोल उतरते.

आधीच्या तुकडीची वही माझ्या हाती आली. ४३ माशांची नावं आहेत, चित्रंही सुंदर काढलीत. मुलांनी मन लावून काम केलंय हे पानापानावर दिसतं. पण कुठे पाहिलं, किती वेळ पाहिलं, किती जागेत पाहिलं यातलं काहीच लिहिलेलं नाही. त्यामुळे यंदा आमच्या नोंदी त्या नोंदींशी ताडून बघायची काही सोयच नाही. एवढ्या मेहनतीचं असं व्हावं याचं मला फार वाईट वाटलं.

माझ्या मुलांच्या वहीचं तसं होऊ नये. सात दिवसांत झेपेल आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना वापरता येईल असं काय करता येईल? शिवाय पाच जणांना पोहता येत नाही. त्यांना किनाऱ्यावर नुसतं बसवून ठेवायचं माझ्या जिवावर येतंय. ज्यांनी असे दौरे नेलेत किंवा केलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुनी_स्लेट

मॅडम, मी बरीच वर्षं असे दौरे नेले. सगळ्यात आधी माझी चूक सांगतो, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही.

पहिल्याच दौऱ्यात पहिल्याच सकाळी मी वीस मुलांना थेट बाहेरच्या भित्तीवर उतरवलं. पाणी नितळ होतं, मुलं उतावीळ झाली होती आणि त्यांच्याहून मी. दहा मिनिटांत एका मुलाच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, तो घाबरला आणि पायाखाली जे लागलं त्यावर उभा राहिला. ते अ‍ॅक्रोपोरा नावाचं फांद्याफांद्यांचं प्रवाळ होतं. पाण्याखाली आवाज चांगला ऐकू येतो. सुकी काटकी मोडावी तसा तो आवाज मला अजून आठवतो. त्या मुलाची काहीच चूक नव्हती. मास्कमधलं पाणी काढायचं मी त्याला शिकवलंच नव्हतं. अशा फांद्या चांगल्या वाढल्या तर वर्षाला दहाएक सेंटीमीटर वाढतात. गोल दगडासारखं दिसणारं पोराइट्स जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतं. पुरुषभर उंचीचं पोराइट्स दिसलं की मी मुलांना थांबवून हिशोब करायला लावतो.

म्हणून पहिला दिवस कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर. मास्क भरायचा, रिकामा करायचा, स्नॉर्केल, म्हणजे श्वासाची नळी, फुंकायचा, पाय न टेकता पाच मिनिटं तरंगायचं. हे ज्याला जमेल तोच दुसऱ्या दिवशी प्रवाळाजवळ जाईल. मुलं कुरकुर करतात, करू द्या.

आता मोजणीबद्दल. नवी पद्धत शोधून काढायची गरज नाही. प्रवाळभित्त्यांची पाहणी करणाऱ्या ‘रीफ चेक’ संस्थेची पद्धत १९९७ पासून जगभर वापरात आहे आणि पदवीच्या मुलांना नक्की झेपते. एकाच खोलीवर १०० मीटरची टेप अंथरायची. त्यात २० मीटरचे चार तुकडे धरायचे आणि दोन तुकड्यांमध्ये ५ मीटर मोकळे सोडायचे. दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते लिहायचं: दगडी प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ, स्पंज, खडक, तुकड्यांचा चुरा, वाळू वगैरे. एका तुकड्यात ४० बिंदू, म्हणजे सगळे मिळून १६०. मासे त्याच टेपवर, पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात मोजायचे. पण टेप टाकल्यावर पंधरा मिनिटं सगळ्यांनी लांब थांबायचं. माणसांच्या गडबडीने पळालेले मासे तेवढ्यात परत येतात.

खरी मेख पुढे आहे. एकदा मी एकाच टेपच्या एकाच तुकड्यावर चार जोड्या एकामागून एक पाठवल्या, कुणाला कुणाचं काही सांगायचं नाही अशा अटीवर. ४० बिंदूंपैकी जिवंत दगडी प्रवाळ किती? एका जोडीचे १९, दुसरीचे ११, बाकी दोघींचे १४ आणि १७. म्हणजे तीच टेप, तोच तास आणि भित्तीवर प्रवाळ २७ टक्केही आणि ४७ टक्केही! रात्री आम्ही एकेक बिंदू घेऊन बसलो. घोळ जवळजवळ सगळा एकाच गोष्टीत होता. जुन्या, कधीच मेलेल्या प्रवाळाचा आकार शाबूत होता आणि त्यावर तपकिरी शेवाळाची लव चढली होती. काहींनी त्याला प्रवाळ म्हटलं, काहींनी खडक. नियमाप्रमाणे तो खडकच. जिवंत प्रवाळावर जवळून पाहिलं तर पॉलिपच्या, म्हणजे प्रवाळ घडवणाऱ्या इवल्या जीवांच्या, वाट्या स्वच्छ दिसतात, त्यावर गाळ साचत नाही आणि लव नसते. दुसऱ्या दिवशी त्याच चार जोड्यांचे आकडे आले १२, १३, १२, १४.

तो दिवस मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा वाटतो. आकडा समुद्रातून आपसूक येत नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांतून येतो, हे मुलांना स्वतःच्या वहीत दिसलं. सात दिवसांतले दोन दिवस यावर घालवा, वाया गेले असं वाटू देऊ नका. आणि टेपची दोन्ही टोकं कुठे होती ते जीपीएसवर आणि किनाऱ्यावरच्या खुणा धरूनही लिहून ठेवा.

मासे ४३ जातींचे हवेतच असं नाही. दहा ओळखता आले तरी पुरे, पण त्यांच्याबद्दल एक प्रश्न हवा. शेवाळाचा तुकडा राखून बसणारा डॅमसेल मासा दहा मिनिटांत कुणाकुणाला हुसकावतो, शेवाळ खाणाऱ्यांना जास्त की इतरांना, एवढा एक प्रश्न घेऊन एका मुलीने चार सकाळी काढल्या आणि त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं काम तिचं होतं.

खोलपाणी

मी डायव्हिंग शिकवतो. थोडकं लिहितो, पण यातलं एकही वगळू नका.

खोल बुडी मारण्याआधी भराभर श्वास घ्यायचा नाही. मुलं एकमेकांचं बघून हे करतातच. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो आणि ‘आता श्वास घे’ ही शरीराची सूचनाच उशिरा येते. पोहता येणारी, धडधाकट मुलं अशी पाण्याखाली बेशुद्ध पडतात, कुठलाही आवाज न होता. बुड्यांच्या पैजा पूर्ण बंद. पाण्यात नेहमी जोडीने, आणि जोडीतला एक खाली गेला तर दुसरा वरून त्याच्यावर नजर ठेवेल.

जाड तळव्यांचे बूट घालूनच चालायचं आणि वाळूत पाय उचलून टाकायचा नाही, फरपटत न्यायचा, म्हणजे पुरलेला पाकट आधीच सरकतो. स्टोनफिशचा, म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या विषारी माशाचा, काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, पाय ३० ते ९० मिनिटं बुडवायचा. पाणी आधी दुसऱ्या पायावर तपासा, कारण वेदनेत भाजलेलं कळत नाही. आणि डॉक्टरकडे न्यायचंच. शंकूसारखा नक्षीदार शंख कितीही सुंदर दिसला तरी उचलायचा नाही. कोन गोगलगायीचं विष माणूस मारू शकतं.

दिवस ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे हटतं, भित्तीचा सपाट भाग उघडा पडतो, चालत बघायला तेच दिवस चांगले. पण त्याच दिवसांत लगूनच्या तोंडाशी ओढ जबरदस्त असते. पोहायचं काम भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत ठेवा. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे ‘रोज सकाळी सातला’ असं वेळापत्रक चालत नाही.

उन्हासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे. सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळाला घातक मानलं जातं, प्रशांत महासागरातल्या पालाऊ देशाने २०२० पासून ते असलेल्या सनस्क्रीनवर बंदीच घातली आहे.

गुडघाभर

मॅडम, तुमच्या त्या पाच जणांसाठी लिहिते आहे. मी अशाच एका दौऱ्यात पोहता न येणारी होते.

पहिले दोन दिवस मला बॅगा सांभाळायचं काम होतं. बाकीचे ओले होऊन, ओरडत काहीबाही सांगत यायचे आणि मी हसून ऐकायचे. रात्री रडायला यायचं. तिसऱ्या दिवशी आमच्या मॅडमनी मला मास्क दिला, लगूनच्या कडेला गुडघाभर पाण्यात नेलं आणि म्हणाल्या, इथे पालथी पड, हात वाळूवर टेक आणि त्या भोकाकडे बघत राहा, हलू नकोस.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग भोकातून बोटाएवढा एक गोबी मासा बाहेर आला आणि तोंडाशीच बसला. थोड्या वेळाने त्याच्या मागून एक कोळंबी आली, पुढे वाळूचा ढीग ढकलत, अगदी बुलडोझरसारखी. ढीग बाहेर टाकायचा, आत जायचं, परत नवा ढीग. आणि बाहेर असेपर्यंत तिची एक मिशी सतत माशाच्या शेपटीला टेकलेली! माझी सावली जरा हलली तशी माशाने शेपटी थरथरवली आणि कोळंबी क्षणात आत. मग मासाही आत, डोकं खाली करून.

या कोळंबीला नीट दिसत नाही, राखण मासा करतो आणि बदल्यात त्याला घर मिळतं, हे मला नंतर कळलं. पण ती मिशी मी कुणी सांगायच्या आधी स्वतः पाहिली होती. पुढचे चार दिवस मी सहा बिळं धरून बसले. कोळंबी एकटी किती वेळा बाहेर आली? माझ्या नोंदीत एकदाही नाही. पोहणाऱ्या मुली माझ्याकडे बघायला यायला लागल्या.

खारफुटीच्या चिखलात फिडलर खेकडेही आहेत, नर आपली मोठी नांगी हलवत असतो, मिनिटाला किती वेळा ते सहज मोजता येतं. त्या पाच जणांना मदतनीस करू नका, त्यांना त्यांचा स्वतःचा प्रश्न द्या.

किनाराशाळा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. गुडघाभर, तुमचं उत्तर मी त्या पाच जणांना वाचून दाखवलं. एक मुलगी लगेच म्हणाली, ‘मॅडम, बीळ मी घेणार.’

अजून एक विचारते. पाणी तापलं असेल आणि प्रवाळ पांढरं पडलेलं दिसलं, तर मुलांना काय सांगायचं? मला स्वतःलाच ते बघवेल का, माहीत नाही.

जुनी_स्लेट

जे आहे तेच सांगा. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी जेमतेम एक अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्या पेशींतलं एकपेशीय शैवाल बाहेर टाकतं. अन्नाचा मोठा वाटा त्या शैवालाकडून येतो, म्हणजे ते उपाशी पडतं, पण जिवंत असतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. निवलं नाही तर त्यावर शेवाळाची लव चढते, तेव्हा ते मेलं. १९९८, २०१० आणि २०१४ ते १७ अशा जगभरच्या तीन लाटा येऊन गेल्या आणि चौथी सुरू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं.

मुलांच्या हातात ‘कोरलवॉच’चा रंगपट्टा द्या, क्वीन्सलंड विद्यापीठाचा आहे, फिकट ते गडद सहा पायऱ्यांचा. प्रत्येक वसाहतीचा सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद भाग पट्ट्याशी ताडायचा. डोळ्यांत पाणी आलं तरी हात मोजत राहतो, माझ्या मुलांचं मी तसं पाहिलंय. आणि येताना मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा कुणाच्या पिशवीत नको. दगडी प्रवाळ सायटिस कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

किनाराशाळा

परवा परतलो. आधी हेच सांगते: सगळे सुखरूप आहेत.

पहिला दिवस वाळूवरच काढला. १३ पैकी ११ जण दुसऱ्या दिवशी प्रवाळाजवळ गेले, दोघींना आणखी एक दिवस लागला. टेपवर पहिल्या दिवशी आमचे आकडे १६, ९, १३, १८. तुमच्यासारखीच रात्र गेली, दोन टॉर्च आणि एक ओली स्लेट. तिसऱ्या दिवशी १२, ११, १२, १२. शेवटचा बारा ऐकला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. टोकांच्या जागा लिहून ठेवल्यात, जीपीएससकट.

बीळवाल्या मुलीने नऊ बिळं बघितली. एका बिळात दोन कोळंब्या होत्या आणि दोघी आळीपाळीने वाळू काढत होत्या. तिची वही माझ्यासमोर उघडी आहे, पानांवर मीठ आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ आहे.

एक शंका उरली आहे. तिसऱ्या तुकड्यातल्या ३१व्या बिंदूवर दोन जोड्या अजून भांडताहेत. फोटोत गुलाबी, कडक, सपाट थर दिसतो, वर लव नाही. एक जोडी म्हणते प्रवाळ, दुसरी म्हणते खडक. वाट्या मला तरी दिसत नाहीत.

जुनी_स्लेट

वाट्या नाहीत ना? मग ते चुनखडी साठवणारं गुलाबी शैवाल आहे, खडकावर पसरलेलं. रकान्यात ‘खडक’ लिहा. पण शेऱ्यात ‘गुलाबी थर’ नक्की लिहायला सांगा. तरंगणाऱ्या प्रवाळाच्या अळ्या बसायला जागा शोधतात तेव्हा अनेक जातींच्या अळ्या असाच थर पसंत करतात. पुढच्या वर्षीच्या मुलांना सांगा, ३१व्या बिंदूवर भिंग घेऊन जा.