मोठे इंजेक्टर टाकलेत, आता इंजेक्शन टायमिंग किती पुढे घेऊ?

कॉमन रेल डिझेल पिकअप आहे, टर्बो स्टॉकच (कंपनीचाच). इंजेक्टरला ३० टक्के मोठे नॉझल टाकले आणि तेव्हापासून आयडलला खडखड वाजतंय, अॅक्सिलरेटर दाबला की काळा धूर. टायमिंग अॅडव्हान्स केलं, म्हणजे डिझेल थोडं लवकर फवारलं, तर धूर जाईल का?

रिप्लाय १:
भाऊ थांब, टायमिंगला आत्ता हात लावू नकोस. नॉझल मोठं म्हणजे तेवढंच डिझेल कमी वेळात आत जातं, त्यामुळे आधी ड्युरेशनचा मॅप (इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो त्याचा तक्ता) कमी करायला हवा, पायलट इंजेक्शनचा (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) पण, कारण तो जुन्याच वेळेवर चालू असेल तर पायलटलाच जास्त डिझेल पडतं आणि ही खडखड बहुतेक त्याचीच आहे. इंजेक्टरचे कोड (प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला त्याचा करेक्शन कोड) ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, टाकलेस का? लोक हेच विसरतात.

रिप्लाय २:
काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय. अॅडव्हान्सने धूर आणि एक्झॉस्टचं तापमान थोडं उतरतं, हे खरं, पण सिलेंडरमधलं प्रेशर वाढतं. लो आरपीएमला लोड असताना जास्त अॅडव्हान्स दिलास की हेड गॅस्केट गेलंच समज. टर्बोच्या आधी ईजीटी प्रोब (एक्झॉस्टचं तापमान मोजणारा सेन्सर) बसव, सलग चढावर ७०० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नकोस.

प्रश्नकर्ता:
कोड टाकलेच नव्हते 😅 टाकले, खडखड निम्मी झाली. धूर आहेच.

रिप्लाय १:
मग आता ड्युरेशन कमी कर, आणि धूर फुल थ्रॉटललाच असेल तर स्मोक लिमिटर (हवेच्या मानाने डिझेलवर मर्यादा घालणारी सेटिंग) बघ. त्यानंतर टायमिंग, तेही एकेक डिग्री, दर वेळी लॉग (रीडिंगची नोंद) घेऊन.