मदत हवी आहे: रॅकचा प्ले काढला की स्टिअरिंग अडकतंय

मंडळी, गाडीला रॅक-पिनियन (स्टिअरिंग फिरवलं की पिनियन हे छोटं दातेरी चाक रॅक हा दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकवतं), हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे. चाकं सरळ असताना स्टिअरिंगच्या रिमवर साधारण 40 मिमी फ्री प्ले (चाकं न वळता स्टिअरिंग मोकळं हलणं) येतोय. मॅन्युअलमध्ये मर्यादा 30 ची. टाय रॉड एंड, इनर बॉल जॉइंट, कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट, रॅकचे बुश असे सगळे सांधे-आधार तपासले, ढिलं काही नाही. लॉकनट सोडून रॅक गाइडचा (रॅकला पिनियनवर दाबून धरणाऱ्या भागाचा) अ‍ॅडजस्टर जरा आवळला की मधला प्ले जातो, पण फुल लॉककडे (स्टिअरिंग पूर्ण वळवताना) ते अडकतं आणि वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. म्हणून तो परत मूळ जागी आणलाय (अडकणाऱ्या स्टिअरिंगपेक्षा प्ले परवडला, तोही फार काळ नाही). रॅकच्या टोकाचे दात कमी वापरले जातात, त्यामुळे मधलेच झिजले असावेत, म्हणून मध्ये नीट आवळलं की टोकाला जास्त घट्ट होतं. गाइडचं पॅड आणि स्प्रिंग बदलून भागेल, की रॅकच बदलावा? अलाइनमेंट त्यानंतरच करणार.