दोन डिस्क असूनही यंत्र सुरू झाले नाही: मिररवरून बूट करण्याविषयी

कृष्णाकाठ
परवा येथे एका सदस्यांनी लिहिले की, संगणकात सारख्या क्षमतेच्या दोन डिस्क लावाव्यात, लिनक्स बसवताना रेड १ (दोन्ही डिस्कवर तीच माहिती लिहिणारी मिरर पद्धत) निवडावे, म्हणजे एक डिस्क गेली तरी यंत्र आपोआप दुसरीवरून सुरू होते. यातल्या ‘आपोआप’ या शब्दावर विसंबून मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानाचा संगणक उभा केला होता, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मार्चमध्ये, सौदे ऐन भरात असताना, पहिली डिस्क गेली. दुसरीवर हिशेबाचा एकूण एक आकडा शाबूत होता, तरीही पडद्यावर एवढेच आले की बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही. शेतकरी मालाच्या हिशेबाच्या पट्टीसाठी ओट्यावर बसून होते आणि मी दुपारी तीनपर्यंत पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, नव्याने बसवत होतो.

यूईएफआय फर्मवेअरला, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमला, लिनक्सचे रेड कळत नाही. त्याला बूटलोडर ठेवलेला डिस्कचा वेगळा भाग, म्हणजे फॅट या साध्या फाइल स्वरूपाचे ईएफआय पार्टिशन, लागते, आणि माझ्या यंत्रात ते फक्त पहिल्या डिस्कवर होते. यूईएफआयच्या आधीच्या बायोस फर्मवेअरच्या यंत्रांतही ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) दुसऱ्या डिस्कवर वेगळा बसवलेला नसेल, तर हीच गत होते. माझे मत असे की, दोन्ही डिस्कवर स्वतंत्र ईएफआय पार्टिशन असावे, ग्रब दोन्हींवर असावा, फर्मवेअरच्या बूट यादीत दोन्हींची नोंद असावी आणि एकेक डिस्कची केबल काढून यंत्र सुरू होते हे पाहिल्याखेरीज ते ग्राहकाच्या हवाली करू नये.

मिरजकर
निदान बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे. दोन स्वतंत्र पार्टिशने ठेवली की ग्रब अद्ययावत झाल्यावर दुसरी प्रत जुनीच राहते, कारण ती आठवणीने कोणी बदलत नाही. ईएफआय पार्टिशनच रेड १ मध्ये घ्यावे, मात्र मेटाडेटा (रेडची डिस्कवरील स्वतःची नोंद) १.० आवृत्तीचा ठेवावा. तो पार्टिशनच्या शेवटी लिहिला जातो, त्यामुळे फर्मवेअरला समोर साधे फॅट दिसते. १.२ चा मेटाडेटा सुरुवातीपासून ४ केबीवर बसतो, म्हणून तो येथे चालत नाही. माझ्याकडे अशी व्यवस्था चार वर्षे बिनतक्रार चालू आहे.

कृष्णाकाठ
त्या चार वर्षांत आपली एखादी डिस्क गेली का, हे आपण लिहिलेले नाही. फर्मवेअर त्या पार्टिशनवर स्वतः काही लिहू शकते, आणि ते लिहिते तेव्हा एकाच डिस्कवर लिहिते. रेडला त्याचा पत्ता नसतो. पुढे तपासणीत फरक आढळला, तरी दोहोंपैकी खरी प्रत कोणती हे रेड १ सांगू शकत नाही.

मिरजकर
फर्मवेअरने असे लिहिलेले आपण स्वतः पाहिले आहे का? नसेल, तर शक्यतेच्या भीतीपोटी चालती व्यवस्था मोडायला लोकांना सांगू नका.

कुपवाडकर
हा वाद हार्डवेअर रेड कार्ड (मिरर स्वतःच सांभाळणारे वेगळे कार्ड) घेतले की उरत नाही. फर्मवेअरला आणि लिनक्सला एकच डिस्क दिसते.

विटेकर
उरतो, आणि मी तो भोगला आहे. आमच्या सूतगिरणीतील कार्ड बंद पडले. तसेच कार्ड सांगलीत नव्हते, कोल्हापुरातही नव्हते. दोन्ही डिस्क धडधाकट असताना आम्ही अकरा दिवस वाट पाहिली. लिनक्सच्या रेडची डिस्क दुसऱ्या कोणत्याही लिनक्स यंत्रात वाचता येते, हे मला तेव्हा उमगले.

खणभागकर
आपण सर्व जण ज्यावर भांडत आहात, ते मला मुळातच दुय्यम वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या दुकानात छतापर्यंत पाणी होते. संगणकात मिरर होता, दोन्ही डिस्क एकाच पेटीत होत्या आणि दोन्ही एकाच चिखलातून निघाल्या. २००५ चा पूर पाहिलेल्या माझ्या वडिलांनी वह्या माळ्यावर ठेवल्या होत्या. त्या वेळी पुरेशी ठरलेली उंची या वेळी पुरली नाही. तीन वर्षांची उधारी आम्ही गिऱ्हाइकांच्या तोंडी शब्दावर पुन्हा लिहून काढली, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे आकडा सांगितला त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या डिस्कचे पैसे मी विश्रामबागेत भावाच्या घरी ठेवायच्या बॅकअप डिस्कवर घातले असते, तर ही वेळ आली नसती.

कृष्णाकाठ
आपल्या नुकसानीविषयी मला मनापासून वाईट वाटते. परंतु मिरर म्हणजे बॅकअप, असे मी कोठेही म्हटलेले नाही. प्रश्न बूटचा आहे.

खणभागकर
आपण म्हटले नसेल, पण विकणारे तसेच सांगतात, मलाही तसेच सांगितले होते. चुकून पुसलेली फाइल मिररमध्ये त्याच क्षणी दोन्हीकडून जाते, हे दुकानदाराला कोण समजावणार? आपल्यासारख्यांनी आधी बॅकअप लिहावे आणि मग मिरर, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती विषयाला सोडून आहे असे कृपया म्हणू नका.

विटेकर
खणभागकरांची तळमळ योग्य आहे, परंतु बॅकअप भावाच्या घरी असता, तरी मार्चमधल्या त्या सकाळी पट्टी निघाली नसती. पुरापासून वाचवणारी गोष्ट वेगळी आणि सौदा चालू ठेवणारी वेगळी.

खणभागकर
तेवढे मान्य आहे. त्याहून अधिक नाही.

मिरजकर
रविवारी मी दोन यंत्रे उघडून केबल काढून पाहिल्या. माझ्या पद्धतीचे यंत्र दोन्ही वेळा सुरू झाले. दुसऱ्या यंत्रात कृष्णाकाठ यांच्या पद्धतीने दोन स्वतंत्र पार्टिशने केली होती. पहिली डिस्क काढल्यावर त्यात ग्रब आला, लिनक्सही सुरू झाले, पण एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांच्या यादीत) पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनची ओळख लिहिलेली असल्याने प्रणाली ९० सेकंद त्याची वाट पाहत राहिली आणि मग आणीबाणीच्या कन्सोलवर थांबली. दुकानदाराच्या दृष्टीने ते यंत्र बंदच. यावर आपले काय म्हणणे आहे?

कृष्णाकाठ
त्या ओळीत ‘नोफेल’ (पार्टिशन सापडले नाही तरी पुढे जा) हा पर्याय लिहायला हवा होता, आणि माझ्या पहिल्या लेखनात तो नव्हता. ही त्रुटी माझी आहे. अडत दुकानाच्या यंत्रातही ती तशीच राहिली आहे, त्यामुळे उद्या सौदे सुरू होण्याआधी मी मार्केट यार्डात जाऊन ती ओळ दुरुस्त करणार आहे. फर्मवेअरच्या लिहिण्याविषयीचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.